आतली मुलगी

१

त्या नाटकात माझं काम एवढंच होतं, की जी मुलगी रंगमंचावर कधीच येत नाही तिला बोलतं करायचं.

मी अरफा. नगरला झेंडीगेटपाशी आमचं लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचं दुकान आहे. अब्बांनी लग्नं, उरूस, सभा, सगळीकडे पोंगे बांधले. मी पुण्याला जाऊन साउंडचं शिकले आणि परत येऊन लॅपटॉपवर संगीत करायला लागले. अब्बा त्याला 'वाजवणारं कुणी नाही आणि वाजतंय' म्हणतात.

नाटक बसवत होते शामकांतकाका. एरवी ते विम्याचं काम करतात, पण दिवाळीनंतर हौशी नाट्यस्पर्धा जवळ आली की त्यांना दुसरं काही सुचत नाही. नाटक एका म्हाताऱ्या आईचं होतं. घरात ती एकटी, मागे एक बंद दार, आणि दाराआड तिची मुलगी. ती बाहेर येत नाही. का येत नाही, हे नाटकात सांगितलेलं नव्हतं. मुलीचे शब्दही प्रेक्षकांना कळायचे नव्हते. फक्त सूर कळायचा: रुसली, हसली, काहीतरी मागतेय. आई जे उत्तर देईल त्यावरून लोकांनी समजून घ्यायचं.

"रेकॉर्ड केलेली पोर आईचं ऐकत नाही," शामकाका म्हणाले. "तू समोर बसून वाजव. आई थांबली की ती थांबली पाहिजे."

मी केलं ते असं: आईचं काम करणाऱ्या प्रेमलाताईंच्या पदराला छोटा माइक लावला. त्यांचा आवाज लॅपटॉपमध्ये यायचा, तिथे त्याचे बारीक बारीक तुकडे व्हायचे, त्यांचा सूर वर चढवून मी ते दाराआडच्या स्पीकरमधून परत सोडायची. म्हणजे मुलगी आईच्याच आवाजाची, पण कोवळी आणि अस्पष्ट. माझ्यापुढे बटणांची एक पाटी होती. बोट ठेवलं की मुलगी बोलायची, उचललं की गप्प. स्वतःचं असं तिच्यापाशी काहीच नव्हतं.

प्रेमलाताई कोल्हारच्या. जन्म मास्तरकीत गेला, लग्न केलं नाही, निवृत्त झाल्या आणि नाटकाकडे वळल्या. तालमीला एसटीने यायच्या. बसच्या पाटीवर आता अहिल्यानगर असतं, पण त्या कंडक्टरला नगरच सांगायच्या. आवाज खणखणीत; वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचवायची सवय.

"मला मूल नाही ना, म्हणून मला ही आई जमेल," पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या. "ज्यांना असतात त्या रडायला लागतात. मी नाही रडणार."

तालमी माळीवाड्यातल्या एका बंद पडलेल्या छापखान्यात चालायच्या. सगळं नीट चाललं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं आठवताना मला नेहमी वाटतं, की कुठेतरी आधीच काहीतरी बिघडलेलं असणार. पण नव्हतं.

२

मी आवाजात श्वास ठेवत नाही. बोलण्याआधी माणूस हवा आत ओढतो, तो आवाज माइकमध्ये खरखरीत येतो. म्हणून मी गाळणी लावून ठेवली होती. श्वास बाहेर टाकायचा, आवाज तेवढा आत घ्यायचा.

एका संध्याकाळी दुसऱ्या प्रवेशाची तालीम चालू होती. माझ्या कानावर हेडफोन होते. मुलीचं बोलणं यायचं होतं आणि मी बोट बटणावर नेत होते, तेवढ्यात कानात श्वास आला. छोटा, घाईचा. काहीतरी सांगायला अधीर झालेली पोरं घेतात तसा.

मग माझं बोट टेकलं आणि मुलगी बोलली.

मी प्रेमलाताईंकडे पाहिलं. त्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावलेला होता.

गाळणी तपासली. ठीक होती. पुढच्या वाक्याआधी परत श्वास आला. त्याच्या पुढच्याही. दर वेळी माझं बोट खाली यायच्या जरासा आधी. मशीनमध्ये आवाज मागे राहतो, रेंगाळतो, हे मला माहीत होतं. रेंगाळलेला एखादा तुकडा असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि वाजवत राहिले.

घरी जाताना रिक्षात एक गोष्ट लक्षात आली. तालमीच्या शेवटी एकदा श्वास आला होता आणि मी बोट ठेवलं होतं. ती जागा मुलीच्या बोलण्याची नव्हतीच. माझ्या मनात तिथे वाजवायचं नव्हतं. तिने श्वास घेतला, म्हणून मी वाजवलं.

३

अब्बांना मी सगळं सांगितलं नाही. आवाजात काहीतरी शिरतंय, एवढंच म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते छापखान्यात आले. वायरी बदलल्या, माइक बदलला, स्पीकर उघडून परत बंद केला.

"जुनं वायरिंग आहे, बेटा," ते म्हणाले. "भिंगारला एकदा लग्नात माझ्या पोंग्यातून भलत्याच गावचं भाषण यायला लागलं होतं. नवरदेव घाबरला. काय निघालं? तार सुटली होती."

मला बरं वाटलं. तार सुटली असेल तर ती जोडता येते.

त्या रात्री मी तालमीचं रेकॉर्डिंग ऐकलं. आत येणारा आवाज आणि बाहेर जाणारा आवाज मी वेगवेगळे साठवते. आत येणाऱ्या आवाजात प्रेमलाताई होत्या, त्यांच्या बांगड्या होत्या, खाली रस्त्यावरचा हॉर्न होता. श्वास नव्हता. बाहेर जाणाऱ्यात मात्र होता.

म्हणजे तो वाटेत कुठेतरी तयार होत होता. वाटेत तर मीच बसले होते.

४

आमचा नेपथ्याचा आणि लाइटचा माणूस बिभीषण. तिसगावचा. बोलतो कमी, काम भराभर करतो. दाराची कडी आतून हलवायची असायची, म्हणून तो दाराआड स्टुलावर, स्पीकरशेजारी बसायचा. एक दिवस तो बाहेरच उभा राहिला. कडीला दोरी बांधली होती आणि दोरीचं टोक विंगेत आणलं होतं.

"आत का नाही बसत?" मी विचारलं.

"दोरीनं हलतीय की."

"तसं नाही. काय झालं?"

त्याने जरा इकडेतिकडे पाहिलं. "ताई, तुमी हसचाल. स्पीकर वाजतो तवा म्होरं हात धरला तर वारं लागतं, व्हय ना? गार वारं. ह्याचं गरम लागतंय. कुनी तोंडाजवळ बोलल्यावानी."

मी हसले नाही. तालीम चालू असताना उठून दाराआड गेले. एक बटण दाबलेलंच राहील असं अडकवून ठेवलं होतं. मुलगी गुणगुणत होती. स्पीकरच्या जाळीपुढे तळहात धरला.

गरम होतं. आणि जरासं दमट.

स्पीकर तापतात. बंद जागेत हवाही दमट होते. जागेवर येऊन मी हात ओढणीला पुसला, तेव्हा कळलं की मी तो मघापासून अंगापासून लांब धरला होता.

त्याच आठवड्यात प्रेमलाताई संहितेत नसलेलं बोलायला लागल्या. मुलगी नुसती पुटपुटते, त्यावर आईचं वाक्य होतं, "बरं, झाकून ठेवते." त्याऐवजी त्या म्हणाल्या, "कोणती? हिरवी? ती तर केव्हाच लहान झाली तुला."

शामकाका खूश. "असंच पाहिजे! ठेवा ते."

चहाच्या वेळी प्रेमलाताई माझ्याजवळ येऊन बसल्या. "आज छान बोलवलंस गं तिला. एकेक शब्द कळत होता."

"ताई, त्यात शब्द नाहीत," मी म्हणाले. "नुसते तुमचे स्वर आहेत. अ, ओ, ई. मी शब्द घालतच नाही."

"हो?" त्यांनी चहात बिस्कीट बुडवलं. त्यांना फारसं आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "मग ती स्वतःच घालत असेल."

त्यांचा आवाज जरा बसलेला होता. थंडी पडलीये, मी मनात म्हटलं.

५

थंडीमुळे नव्हतं ते. खोकला नव्हता, ताप नव्हता. आवाज नुसता कमी होत चालला होता, भांड्यातलं पाणी आटावं तसा. माझ्यापुढे आत येणाऱ्या आवाजाचा हिरवा पट्टा दिसतो. पहिल्या तालमीत तो वरपर्यंत उसळायचा. आता निम्म्यावर येऊन थांबायचा. बाहेर जाणाऱ्या आवाजाचा पट्टा मात्र वाढत होता. मी काहीही वाढवलेलं नव्हतं.

मी शामकाकांना बाजूला घेतलं. "मुलगी रेकॉर्ड करून लावू. मी आधीच करून ठेवते. ताईंचा आवाज जातोय."

"घसा बसतो गं नटांचा. हळद-दूध घेतील. आणि रेकॉर्ड लावली तर राहिलं काय आपल्या नाटकात?"

"काका, मला नाही वाजवायचं असं."

"असं म्हणजे कसं?"

काय सांगणार? स्पीकर श्वास घेतो? शामकाका वाट बघत उभे होते. चांगला माणूस. माझ्यासारख्या मुलीला लॅपटॉप घेऊन रंगमंचावर बसवायला आमच्या गावात दुसरं कुणी तयार झालं नसतं. स्पर्धेत आमची नावं गेली होती. कामावरून सुट्ट्या टाकून झाल्या होत्या.

पाठीमागून कुणीतरी माझं मनगट धरलं. प्रेमलाताई होत्या.

"बंद करू नकोस," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक होता, की मला वाकावं लागलं. "तिचं अर्धंच सांगून झालंय."

"काय सांगतेय ती?"

त्यांनी मान हलवली. चेहरा लाजल्यासारखा झाला होता. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. "ते आमचं आहे गं," त्या म्हणाल्या.

मी रात्रभर विचार केला आणि अर्धवट निर्णय घेतला. वाजवायचं. पण मुलीचं एक साधं, श्वास नसलेलं रेकॉर्डिंग तयार ठेवायचं. ताईंचा पट्टा फार खाली गेला तर त्यांचा माइक बंद करायचा आणि ते रेकॉर्डिंग लावायचं. कुणाला कळणार नाही.

६

प्रयोग दुपारचा होता. नाट्यगृह बऱ्यापैकी भरलं होतं. शामकाकांनी मला रंगमंचाच्या उजव्या कोपऱ्यात, लोकांना दिसेल असं बसवलं होतं. तिथून मला दार तिरकं दिसायचं आणि दारामागचा काळा पडदाही. स्पीकर त्या पडद्याच्या पलीकडे, स्टुलावर.

पहिला अंक व्यवस्थित गेला. ताई हळू बोलत होत्या, पण लोक पुढे झुकून ऐकत होते. मुलगी बोलत होती. मी बटणं दाबत होते, आणि दर वेळी वाटत होतं की मी मागून पोचतेय.

नाटकाच्या शेवटी आईचं एक लांब बोलणं होतं. "आता बाहेर ये असं मी तुला म्हणणार नाही," असं सुरू होणारं. मग आई झोपते आणि अंधार होतो. दार उघडत नाही.

ताई दारापुढे येऊन उभ्या राहिल्या. तोंड उघडलं. हिरवा पट्टा हललाच नाही.

त्यांचे ओठ हलत होते, गळ्याची शीर ताणलेली दिसत होती. माइकमध्ये काही येत नव्हतं. बांगड्या वाजल्या, त्या आल्या. म्हणजे माइक चालू होता.

मी ठरवल्याप्रमाणे माइक बंद केला. रेकॉर्डिंगच्या बटणाकडे हात नेला.

"आता बाहेर ये असं मी तुला म्हणणार नाही," दाराआडून आवाज आला.

शब्द. स्वच्छ, एकेक शब्द. प्रेमलाताईंचा आवाज, पहिल्या दिवशी होता तसा खणखणीत. पण त्यातली वर्षं गेलेली. वर्गात ओरडून ओरडून आलेली खरखर नव्हती. शेवटच्या रांगेत कुणीतरी खोकत होतं, ते थांबलं.

मी सगळे आवाज शून्यावर आणले. आवाज चालू. मी स्पीकरला जाणारी वायर धरली आणि लॅपटॉपमधून उपटली. ती माझ्या हातात होती, तिचं टोक मला दिसत होतं. आवाज चालूच राहिला. आईचं ते सगळं बोलणं तिने म्हटलं, एकही शब्द न चुकता, आणि मग असंही काही म्हटलं जे नाटकात नव्हतं. ते खालच्या सुरात होतं, ताईंपुरतं. मला तुटकच ऐकू आलं. "...तुझं झालं आता. बस जरा."

मी दाराकडे पाहिलं. दारामागचा काळा पडदा एका जागी आत ओढला जात होता आणि परत फुगत होता. साधारण माझ्या तोंडाच्या उंचीवर, तळहाताएवढ्या जागेत. प्रत्येक शब्दाला.

पंखा बंद होता. मी वर बघून खात्री केली. पंखा आहे का हे बघायची बुद्धी मला त्या वेळीही झाली, याचं आता नवल वाटतं.

ताईंनी कडीला हात घातला. हे नाटकात नव्हतं. दार त्यांनी स्वतःकडे ओढलं, आत पाहिलं, आणि बाजूला झाल्या. अरुंद दारातून कुणी येत असलं की आपण होतो तशा, पाठ चौकटीला लावून, पोट आत घेऊन. नजर त्यांनी कुणाच्या तरी बरोबर फिरवली, दारापासून रंगमंचाच्या मध्यापर्यंत.

बिभीषणने अंधार केला. ठरलेल्या वेळेच्या बराच आधी.

टाळ्या थांबत नव्हत्या. मागे कपडे बदलायच्या खोलीत एक परीक्षक आले. म्हणाले, "दाराआडच्या बाईंनी फार सुरेख केलं. त्यांचं नाव पत्रिकेत दिसलं नाही."

"बाई नाही हो," शामकाका अभिमानाने म्हणाले. "आमच्या अरफाचं यंत्र आहे ते."

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मी अजून ती वायर हातात धरून उभी होते.

७

त्या दिवसापासून प्रेमलाताई बोलल्या नाहीत. शामकाकांनीच त्यांना डॉक्टरकडे नेलं. घशात दुर्बीण घालून पाहिलं. स्वरयंत्र उत्तम, कुठे सूज नाही, गाठ नाही. डॉक्टर म्हणाले, मानसिक ताण असेल, येईल आवाज. ताई हसून त्यांना नमस्कार करून आल्या.

आमचं नाटक अंतिम फेरीत गेलं. शामकाकांनी ते सांगायला फोन केला, पण त्यात आनंद नव्हता. त्यांचा आवाज पडलेला होता. "मी ऐकायला पाहिजे होतं तुझं," ते म्हणाले. "मी नाव मागे घेतो. पण ताईंना सांगायचं कसं? मला तोंड नाही त्यांच्याकडे जायला."

"मी जाते," मी म्हणाले.

कोल्हारला मी दुपारी उतरले. उसाच्या गाड्यांनी रस्ता भरला होता. प्रेमलाताईंचं घर प्रवरेच्या बाजूला, दोन खोल्यांचं, पुढे पारिजातक. दार सताड उघडं. ताई पुढच्या खोलीत खाटेवर बसल्या होत्या. मला बघून त्यांना आनंद झाला, तो दिसला. हाताने त्यांनी मला समोरच्या खुर्चीवर बसवलं. अंगावर स्वच्छ इस्त्रीची साडी, केसांना तेल. आजारी माणूस असा दिसत नाही.

मी आधीच ठरवून आलेलं बोलले. शामकाका नाव मागे घेतायत. मी ते सगळं मशीनमधून पुसून टाकलंय. तुमचा आवाज परत येईपर्यंत मी दर आठवड्याला येईन, हवं तर पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेईन. बोलता बोलता मला रडू आलं.

"ताई, मला माफ करा. माझ्यामुळे झालं."

त्यांनी जोरात मान हलवली. पुढे वाकून माझे डोळे स्वतःच्या पदराने पुसले. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून शांत बसल्या, कशाची तरी वाट बघत.

आतल्या खोलीत भांडं वाजलं.

मला वाटलं, शेजारची बाई असेल. एकटं माणूस, आजारी, येत असेल कुणीतरी मदतीला. तसं ताईंना विचारायला मी तोंड उघडलं.

"अरफा, चहात आलं चालतं ना गं?" आतून आवाज आला.

तो मी ओळखला. ओळखायचा प्रश्नच नव्हता. कितीतरी संध्याकाळी मी त्याचे तुकडे केले होते.

ताई आत बघत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. पाहुण्यांपुढे आपली पोर नीट बोलली की आई जशी पाहुण्यांचा चेहरा बघते, तशा. मी काय म्हणते याकडे त्यांचा सगळा जीव लागला होता. मी किंचाळून उठले असते, बाहेर पळाले असते, तर त्या चेहऱ्याचं काय झालं असतं ते मला बघवलं नसतं. मी बसून राहिले त्याला दुसरं काही कारण नाही. असलं तर मला माहीत नाही.

"चालतं," मी म्हणाले.

ताई खाटेवर थोड्या सरकल्या. शेजारी जागा केली.

गॅस बंद झाल्याचा आवाज आला. कपबश्या. मग आतल्या खोलीच्या फरशीवरून अनवाणी पावलं, सावकाश, हातात भरलेलं काही असलं की टाकतात तशी. मी मान खाली घातली. बाहेर रस्त्यावर कुणीतरी ट्रॅक्टर सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि तो सुरू होत नव्हता. ताईंचे हात मला दिसत होते. दोन्ही, मांडीवर, एकात एक.

कप माझ्यापुढे आला. तो धरलेल्या बोटांना ओली कणीक लागली होती.

"घे ना," ती म्हणाली. "पोळ्या टाकतेय, जेवूनच जा."